बंदर आणि मुक्काम

एखाद्या गावास बंदर केव्हा म्हणावे, असा प्रश्न वर्गात विचारला तर विद्यार्थी बहुधा उत्तर देतील की, जेथे गलबते लागतात ते बंदर. उत्तर चूक नाही. परंतु ते अपुरे आहे. गलबतातून उतरलेली माणसे किती दिवस राहिली, कोणाच्या आश्रयाला उतरली, त्यांनी कोणत्या देवाला दान दिले आणि वारा फिरल्यावर त्यांपैकी किती जण परत गेले, हे पाहिल्यावाचून बंदराचा इतिहास हाती लागत नाही. आज भूमध्य समुद्रात मोठमोठी पर्यटक जहाजे प्राचीन बंदरांना भेटी देत फिरतात. सकाळी जहाज धक्क्याला लागते, उतारू काही तास नगर पाहतात आणि संध्याकाळी जहाज पुढच्या बंदराकडे निघते. या जलपर्यटनाकडे इतिहासाच्या अभ्यासकाने कोणत्या दृष्टीने पाहावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्याची थट्टा करणे सोपे आहे, आणि त्याची भलामण करणे हे जाहिरातदारांचे काम आहे. आम्हांस यांपैकी काहीच करावयाचे नाही. आमचे म्हणणे एवढेच की, ज्या एका गोष्टीमुळे ही बंदरे घडली ती गोष्ट, म्हणजे मुक्काम, या प्रवासातून नेमकी वजा झाली आहे. या वजाबाकीची जाणीव ठेवली तरच हा प्रवास काही शिकवू शकेल.

प्रथम या प्रवासाचाच इतिहास थोडक्यात पाहू. वाफेच्या शक्तीमुळे वाऱ्याची वाट पाहण्याची गरज संपली, तेथून त्याचा आरंभ होतो. १८४४ साली टपाल वाहणाऱ्या एका इंग्रज आगबोट कंपनीने विल्यम थॅकरे या लेखकाला भूमध्य समुद्रातील प्रवास विनामूल्य घडवला. लिस्बन, अथेन्स, स्मर्ना, कॉन्स्टँटिनोपल, जाफा व अलेक्झांड्रिया ही ठिकाणे पाहून त्याने १८४६ साली आपले प्रवासवर्णन प्रसिद्ध केले. होमरच्या नायकाला ज्यासाठी दहा वर्षे लागली तेवढी माणसे आणि नगरे आता दोनेक महिन्यांत पाहता येतात, याचे त्याला मोठे नवल वाटले होते. हे नवल महत्त्वाचे आहे. कारण पाहण्याची गती वाढली, हीच या प्रवासातील खरी नवी गोष्ट होती.

१८६७ साली ‘क्वेकर सिटी’ ही आगबोट अमेरिकन यात्रेकरूंना घेऊन न्यूयॉर्कहून निघाली. तीत मार्क ट्वेन हा तरुण वार्ताहर होता. बोट अथेन्सच्या पिरेअस बंदरात पोहोचली तेव्हा तेथील अधिकाऱ्यांनी अकरा दिवसांच्या क्वारंटाइनची अट घातली. तेवढे थांबण्यास कप्तान तयार नव्हता. तेव्हा ट्वेन आणि त्याचे तीन सोबती रात्री चोरून किनाऱ्यावर उतरले, पायी अक्रोपोलिसपर्यंत गेले, चांदण्यात पार्थेनॉनचे दर्शन घेऊन पहाटेपूर्वी बोटीवर परतले. १८६९ साली निघालेल्या त्याच्या पुस्तकातील हा प्रसंग केवळ विनोदासाठी वाचला जातो. आम्हांस मात्र त्यात दोन काळांची गाठ पडलेली दिसते. बंदर म्हणत होते, थांबा. बोट म्हणत होती, वेळ नाही.

या हौशी सफरींना नियमित व्यवसायाचे रूप दिले ते हँबुर्ग-अमेरिका कंपनीच्या आल्बर्ट बालिन याने. हिवाळ्यात उत्तर अटलांटिकवरील उतारूंची वर्दळ कमी होई आणि मोठ्या बोटी रिकाम्या पडून राहत. त्यांतील ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ ही बोट २२ जानेवारी १८९१ रोजी कुक्सहाफेनहून २४१ उतारू घेऊन भूमध्य समुद्राकडे निघाली आणि सुमारे दोन महिन्यांनी परतली. केवळ पर्यटनासाठी म्हणून बांधलेली पहिली बोट, ‘प्रिन्सेसिन व्हिक्टोरिया लुइझे’, त्याच कंपनीने १९०० साली तयार केली. रिकाम्या बोटीचा खर्च भरून काढणे हा या साऱ्या उद्योगाचा मूळ हेतू होता, ज्ञानप्रसार हा नव्हे. ही गोष्ट अभ्यासकाने विसरू नये. तथापि हेतू व्यापारी असला म्हणून फळ सर्वस्वी व्यापारीच मिळते असेही नाही. १९५४ साली स्वान या पितापुत्रांनी ग्रीस व तुर्कस्तानकडील प्राचीन स्थळांच्या सफरी सुरू केल्या, तेव्हा त्यांत विद्यापीठांतील पंडित व्याख्याते म्हणून नेण्याची प्रथा पाडली. त्या व्याख्यात्यांमध्ये सर मॉर्टिमर व्हीलर होते. १९४४ ते १९४८ या काळात आपल्या पुरातत्त्व खात्याची धुरा वाहणारे आणि १९४५ साली पुदुच्चेरीजवळ अरिकमेडू येथे रोमन व्यापाराचे अवशेष उजेडात आणणारे ते हेच व्हीलर. जहाजावर आदल्या संध्याकाळी व्याख्यान आणि दुसऱ्या दिवशी स्थळदर्शन, असा तो क्रम होता. मुक्काम लहान असेल तर पूर्वतयारी मोठी असावी, हे त्या योजनेचे मर्म होय.

आता ज्या काळी मुक्काम टळत नसे त्या काळाकडे वळू. रोमन साम्राज्यात हिवाळ्यात समुद्र बंद मानला जाई. व्हेजेशियस या लेखकाने ११ नोव्हेंबरपासून १० मार्चपर्यंतचा काळ नौकानयनास वर्ज्य सांगितला आहे. या अवधीत सापडलेले जहाज असेल त्या बंदरात राही. सेंट पॉल याला कैदी म्हणून रोमला नेत असताना जहाज फुटून माल्टा बेटावर तीन महिने काढावे लागले, असे बायबलच्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात सांगितले आहे. हाच पॉल एफेसस येथे दोन वर्षांहून अधिक आणि कॉरिंथ येथे दीड वर्ष राहिला. ज्या नगरांना उद्देशून त्याने पुढे पत्रे लिहिली ती त्याने धावती पाहिलेली नगरे नव्हती. बंदरातून धर्म, लिपी, नाणी आणि रोग हे सर्व पसरत; पण ते जहाजाच्या येण्याने नव्हे, तर जहाजातील माणसांच्या राहण्याने.

याचा उत्तम दाखला म्हणजे एजियन समुद्रातील डेलॉस. हे अपोलोचे जन्मस्थान मानले गेलेले, जेमतेम पाच किलोमीटर लांबीचे खडकाळ बेट. इ. स. पूर्व ४२६ च्या हिवाळ्यात अथेन्सने या बेटाची ‘शुद्धी’ केली. तेथील थडगी हलवली आणि यापुढे बेटावर कोणी जन्मू नये व कोणी मरू नये असा नियम केला. म्हणजे माणसाचा खरा मुक्कामच तेथे निषिद्ध ठरला. पुढे इ. स. पूर्व १६६ च्या सुमारास रोमने हे बेट अथेन्सच्या स्वाधीन करून तेथील जकात माफ केली, आणि पाहता पाहता ते पूर्व भूमध्य समुद्रातील एक प्रमुख पेठ बनले. इटलीतील व्यापाऱ्यांनी आपला चौक उभारला. बैरुतच्या व्यापाऱ्यांनी पोसायडन या सागरदेवाच्या नावाने संघ स्थापून त्याची वास्तू बांधली. सीरियाच्या व इजिप्तच्या देवतांची देवळे झाली. शोमरोनी पंथाच्या लोकांचे शिलालेखही तेथे सापडले आहेत. फ्रेंच पुरातत्त्वसंस्थेने १८७३ पासून केलेल्या उत्खननांतून हे सर्व पुढे आले.

मात्र या वैभवाची दुसरी बाजू झाकता येत नाही. डेलॉस हा गुलामांचा बाजार होता. एका दिवसात हजारो गुलाम उतरवून त्याच दिवशी पुढे रवाना करण्याची त्याची क्षमता होती, असे स्ट्राबोने लिहिले आहे. जे राहिले त्यांची नावे दगडावर आहेत; ज्यांना राहूच दिले नाही त्यांच्यातील एकाचेही नाव त्या बाजाराच्या फरशीवर उरले नाही. इ. स. पूर्व ८८ मध्ये मिथ्रदातेसच्या सैन्याने आणि इ. स. पूर्व ६९ मध्ये चाच्यांनी हे बेट लुटले. व्यापार दुसरीकडे गेला आणि वस्ती हळूहळू उठली. आज मायकोनोसहून लहान बोटींनी प्रवासी तेथे जातात आणि दिवस मावळण्यापूर्वी परततात. रक्षक आणि पुरातत्त्वज्ञ यांवाचून कोणासही रात्री राहता येत नाही. अथेन्सचा जुना नियम अशा रीतीने पुन्हा अमलात आला आहे. फरक एवढाच की, तो आता देवासाठी नसून दगडांच्या रक्षणासाठी आहे.

एफेससची कथा निराळी आहे. डेलॉसला माणसांनी सोडले, एफेससला समुद्राने सोडले. जहाजे आज कुशादासी येथे लागतात आणि उतारूंना सुमारे वीस किलोमीटर मोटारीने न्यावे लागते. कारण प्राचीन बंदराचे पात्र गाळाने भरून समुद्र कित्येक किलोमीटर मागे हटला आहे. पेर्गमोनचा राजा अटालस याने बंदराचे तोंड अरुंद करणारा बांध घातला. त्यामुळे पाणी खोल राहील अशी त्याच्या स्थपतींची समजूत होती. परंतु नदीचा गाळ भरतीओहोटीने बाहेर न जाता आतच साचू लागला, असे स्ट्राबो सांगतो. बंदरे शत्रूमुळेच बुडतात असे नाही, चुकलेल्या हिशोबानेही बुडतात.

येथे एक बारीक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पर्यटकांच्या गाड्या सामान्यतः एफेससच्या वरच्या, जमिनीकडील वेशीपाशी थांबतात. उतारू उतरणीने सेल्ससच्या ग्रंथालयापर्यंत आणि तेथून सुमारे २५,००० प्रेक्षक मावणाऱ्या नाट्यगृहापर्यंत येतात, आणि खालच्या दाराने बाहेर पडतात. प्राचीन काळी समुद्रमार्गे येणारा पाहुणा याच्या उलट येई. तो बंदरावर उतरे, खांबांच्या रांगांमधून जाणाऱ्या रुंद राजमार्गाने चालू लागे आणि समोरच्या डोंगरात कोरलेले ते नाट्यगृह त्याला पावलोपावली मोठे होताना दिसे. नगराची सारी रचना त्या पहिल्या दर्शनासाठी होती. आजचा प्रवासी समुद्रावरून येऊनही नगरात मागील दाराने शिरतो आणि ज्या रस्त्याने आरंभ व्हावयाचा त्या रस्त्यापाशी त्याची वेळ संपते. जहाजाने प्रवास केला म्हणजे बंदर समुद्राकडून पाहिले, असे होत नाही.

मध्ययुगातील बंदरांनी तर मुक्कामाचे कायदेच केले. दुब्रोवनिक, म्हणजे पूर्वीचे रागूसा, या नगरराज्याने १३७७ साली असा ठराव केला की, साथीच्या प्रदेशातून येणाऱ्याने नगरात शिरण्यापूर्वी जवळच्या बेटावर किंवा त्साव्टाट येथे तीस दिवस राहावे. पुढे ही मुदत अन्यत्र चाळीस दिवसांची झाली आणि चाळीस या अर्थाच्या इटालियन शब्दावरून ‘क्वारंटाइन’ हे नाव रूढ झाले. व्हेनिसने १४२३ साली एका बेटावर कायमचे रुग्णालय स्थापून तीच वाट धरली. परकी व्यापाऱ्यांसाठी त्या नगराने ठरावीक वास्तू राखल्या होत्या. जर्मनांची रिआल्तो पुलाजवळ होती, तर ऑटोमन व्यापाऱ्यांना १६२१ साली महाकालव्यावरील एक वाडा देण्यात आला. त्यांना तेथेच राहावे लागे. या व्यवस्थेत संशय होता, बंधन होते, जकातीचा लोभही होता. पण परका माणूस आपल्या गावात राहणार हे गृहीत धरून ती केलेली होती.

त्याच दोन नगरांना आज उलटा प्रश्न सोडवावा लागत आहे. येणाऱ्यांची संख्या प्रचंड आणि राहणारे थोडे. जहाजावरील उतारूंचा निवास आणि बहुतेक भोजन जहाजावरच होत असल्याने नगराच्या वाट्याला गर्दी पुष्कळ येते, सहवास मुळीच येत नाही. दुब्रोवनिकने २०१९ साली जहाज कंपन्यांच्या संघटनेशी बोलणी करून दिवसाला दोन जहाजांची मर्यादा ठरवली. व्हेनिसमध्ये २५,००० टनांवरील जहाजांना संत मार्कच्या चौकासमोरून आणि ज्युदेक्का कालव्यातून जाण्यास १ ऑगस्ट २०२१ पासून बंदी आहे. ग्रीसने २०२५ पासून सांतोरिनी आणि मायकोनोस येथे उतरणाऱ्या जहाज-उतारूंवर ऐन हंगामात माणशी २० युरो कर बसवला आहे. या उपायांनी गर्दी आटोक्यात येईल. मुक्काम परत येईलच असे नाही. व्हेनिसच्या जुन्या नगरात १९५१ साली सुमारे १,७५,००० लोक राहत होते. २०२२ साली ती संख्या ५०,००० च्या खाली गेली. घरांच्या किमती, उद्योगांचे स्थलांतर आणि पुराचे भय अशी याची अनेक कारणे आहेत. सारा दोष जहाजांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. तथापि ज्या गावात पाहुणा रात्र काढत नाही आणि रहिवासीही टिकत नाही, त्याला बंदर म्हणावे की प्रदर्शन, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

हा प्रश्न आम्हां मराठी वाचकांना परका नाही. नेपल्स येथे जहाज लागले की बहुतेक उतारू पाँपेई पाहण्यास जातात. त्या इ. स. ७९ मध्ये गाडल्या गेलेल्या नगरात १९३८ साली एक लहानशी हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. ती भारतीय घडणीची असून आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्या नेमक्या उगमस्थानाविषयी अभ्यासकांचे एकमत नाही. परंतु मराठवाड्यात तेर आणि भोकरदन येथे मिळालेल्या हस्तिदंती मूर्तींशी तिचे साम्य दाखवण्यात आले आहे. तेर म्हणजे ‘पेरिप्लस’ या ग्रीक नाविक-मार्गदर्शिकेत आलेले तगर. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरचे मोठे नगर असे तिचे वर्णन तेथे आहे. उलट दिशेने, कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकाडात पोसायडनची कांस्यमूर्ती सापडली. डेलॉसवर बैरुतच्या व्यापाऱ्यांनी ज्याचा आश्रय घेतला तोच हा सागरदेव पंचगंगेच्या काठी येऊन राहिला होता.

आणि केवळ वस्तूच आल्या असेही नव्हे. कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबांवर धेनुकाकट येथील यवनांच्या दानाचे लेख आहेत. हे यवन जन्माने ग्रीक होते की ते केवळ कुळाचे वा समाजाचे नाव होते, याविषयी वाद आहे. पण आपली ओळख यवन अशी सांगणारी माणसे बौद्ध संघाला खांब अर्पण करीत होती आणि त्याची नोंद प्राकृतात व ब्राह्मी लिपीत करवीत होती, एवढे निश्चित. कल्याण, सोपारा, चौल ही बंदरे ज्या घाटवाटांनी देशाशी जोडलेली होती त्या वाटेवर हे लेख आहेत. एका दिवसाचा पाहुणा खांब देत नाही.

गोव्यातील वाचकांना एफेससच्या मागील दाराची गोष्ट ओळखीची वाटेल. मुरगावला पर्यटक जहाज लागले की उतारूंना मोटारीने जुन्या गोव्याला नेतात. त्या राजधानीचा दर्शनी दरवाजा, म्हणजे व्हाइसरॉयची कमान, मांडवीच्या धक्क्यासमोर आहे. नवा अधिकारी नदीतून येऊन तिच्याखालून नगरात प्रवेश करीत असे. रोगराईने वस्ती उठली, कारभार पणजीला गेला, १८४३ साली राजधानीचा मानही अधिकृतपणे पणजीला मिळाला. चर्चे राहिली, नगर राहिले नाही. आजचा पाहुणा त्या चर्चांपाशी रस्त्याने पोहोचतो, आणि नदीकडे तोंड करून उभी असलेली ती कमान पुष्कळदा त्याच्या पाहण्यातून निसटते.

याच गोव्याचा या जहाजांशी आणखी एक संबंध आहे, आणि तो पर्यटकांचा नाही. २०२० च्या फेब्रुवारीत जपानमधील योकोहामा येथे ३,७११ माणसे असलेले एक पर्यटक जहाज साथीमुळे क्वारंटाइनमध्ये ठेवावे लागले, तेव्हा त्यावर १३८ भारतीय होते. त्यांपैकी १३२ खलाशी व कर्मचारी होते. गोव्यातील कितीतरी घरे अशा जहाजांवरील नोकरीवर उभी आहेत. या दर्यावर्दी नोकरांना गोव्यात तारवटी म्हणतात. जुन्या काळी दोन बोटींच्या मध्ये मुंबईत थांबण्यासाठी या तारवट्यांनी धोबीतलाव आणि माझगाव भागांत गावोगावच्या ‘कुडी’ स्थापल्या. एका गावाची एक कूड. तेथे पेटी ठेवावी, पथारी टाकावी, संध्याकाळी सर्वांबरोबर प्रार्थना म्हणावी आणि पुढच्या बोटीची वाट पाहावी. बैरुतच्या व्यापाऱ्यांनी डेलॉसवर जे केले तेच गोव्याच्या गरीब खलाशांनी मुंबईत केले. परक्या बंदरात आपल्या देवाच्या छायेखाली राहण्याची जागा केली. बंदराचा इतिहास लिहिताना अशा जागा राजवाड्यांइतक्याच मोलाच्या मानाव्या लागतात. दुर्दैवाने पर्यटकांच्या नकाशावर त्या क्वचितच असतात.

सारांश, जलपर्यटनाने इतिहास कळत नाही असे आम्ही म्हणत नाही. ट्वेनची ती एक चोरटी रात्र पुष्कळांच्या महिनाभराच्या वास्तव्याहून अधिक फलदायी ठरली. आणि स्वान यांच्या सफरींनी हे दाखवून दिले की, आधी अभ्यास केलेल्याला अर्धा दिवसही पुरतो. परंतु पाहणाऱ्याने आपण किती वेळ आहोत याचे भान ठेवावे आणि ज्यांनी ते नगर घडवले ते किती काळ होते हे विचारावे. शिक्षकांना हे विशेष करता येण्यासारखे आहे. विद्यार्थ्यांना एफेससचे चित्र दाखवताना बंदराकडचा रस्ता आधी दाखवावा. डेलॉस शिकवताना देवळांबरोबर त्या एका दिवसाच्या बाजाराचाही उल्लेख करावा. आणि सहल जुन्या गोव्याला गेली तर मुलांना प्रथम नदीच्या धक्क्यावर नेऊन तेथून कमानीखालून चालत आणावे. त्यासाठी दहा मिनिटे अधिक लागतील. तेवढा मुक्काम कोणत्याही सहलीला परवडण्यासारखा आहे.